डाव मांडण्यापूर्वी

(आखाजीच्या आधीच्या आठवड्यात जळगाव येथे झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



घरी बसून खेळायच्या खेळांचे नियम, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असा प्रश्न पुढच्या रांगेतील काही ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसतो आहे. अन्यत्र हा प्रश्न रास्त ठरला असता. खानदेशात तो तसा ठरत नाही, कारण आखाजी आठ दिवसांवर येऊन ठेपली आहे.

अक्षय्य तृतीयेला आपण आखाजी म्हणतो आणि तिला दिवाळीच्या तोलाचे मानतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराई बसते, घरोघर पुरणपोळी आणि आमरस होतो. आसोद्याच्या बहिणाबाईंना या सणावर गाणे रचावेसे वाटले, यातच त्याची थोरवी आली. पण हे झाले बायकांचे आणि लेकीबाळींचे. पुरुषांची आखाजी कोठे असते? ती पारावर, ओट्यावर, गोठ्याच्या आडोशाला पत्त्यांच्या डावात असते. ‘आखाजीला पत्ते खेळले नाहीत तर कसे’, हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे. अनेक गावांत सालदाराचे वर्षही याच सुमारास संपते आणि नव्या सालाचा करार ठरतो. वर्षाचा हिशेब हाती पडण्याची आणि डाव बसण्याची वेळ एकच असावी, हा योग फार घातक आहे. वृत्तपत्राच्या कचेरीत आम्हांला त्याची प्रचीती दरवर्षी येते. ‘रोख रक्कम व बावन्न पत्त्यांचा कॅट जप्त’ ही दोन ओळींची बातमी त्या दिवसांत हमखास येते. ज्या घरातला पैसा गेला, त्या घराची बातमी मात्र कधी येत नाही.

माझे म्हणणे असे आहे की आखाजीचे पत्ते बंद करू नयेत, ते घरात आणावेत. सणाला खेळ हवाच. पण पारावरचा डाव माजघरात आला की त्याला माजघराचे नियम लागले पाहिजेत, आणि ते नियम पत्ते वाटण्यापूर्वी मोठ्याने बोलले गेले पाहिजेत. डाव सुरू झाल्यावर सांगितलेला नियम हा नियम नव्हे, ती पळवाट असते.

महाभारताच्या सभापर्वाकडे या दृष्टीने पाहावे. द्यूताची कथा आपण ‘जुगार वाईट’ एवढ्यावरच संपवतो. पण त्या प्रसंगात नियमाचे दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही अतिशय बारकाईने मांडलेले आहेत. पहिला प्रश्न डाव सुरू होण्यापूर्वीचा आहे. पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार त्याच्या वतीने शकुनी, असे ठरते तेव्हा युधिष्ठिर हरकत घेतो. एकाच्या जागी दुसऱ्याने खेळणे रीतीला धरून नाही, असे तो म्हणतो. आणि तरीही खेळायला बसतो! नियम मोडला आहे हे ज्याला कळले, त्यानेच डाव मांडू दिला. दुसरा प्रश्न द्रौपदीचा आहे. आधी कोणाला हरलात, स्वतःला की मला? जो स्वतःला हरला, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? हा क्रमाचा, म्हणजे निव्वळ नियमाचा प्रश्न होता. भीष्मांसारख्यांनाही त्याचे उत्तर देता आले नाही, कारण तो डावानंतर विचारला गेला.

म्हणून घरातला पहिला नियम पैशाचा. एक रुपयाही नको, चार आण्यांची ‘गंमत’ही नको. पैसा मध्ये आला की मुलाला हरणे शिकवता येत नाही. त्याला फक्त वसूल करणे शिकवता येते. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले होते आणि त्याचा दाखला अनेक जण तोंडपाठ देतात. न्यायालयाने तो कौशल्याचा म्हटला. तो लेकरांसमोर पैशाने खेळा, असे म्हटले नाही. भ्रमणध्वनीवरच्या रमीने तर पार प्रत्येकाच्या खिशात नेऊन ठेवला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात कौशल्य आणि नशीब हा भेदही ठेवलेला नाही. दिल्लीने जे कायद्याने केले, ते आपल्या ओट्यावर आपणच करायचे आहे.

आता प्रत्यक्ष खेळांकडे वळू. पत्त्यांत चौघांसाठी मेंढीकोटासारखा खेळ नाही. दोन-दोनांचे जोड समोरासमोर बसतात, प्रत्येकी तेरा पाने, आणि लक्ष्य चार दश्श्या मिळवण्याचे. तीन दश्श्या ज्यांच्याकडे, ते जिंकले. चारही आल्या तर कोट. दोन-दोन झाल्या तर? येथेच भांडण होते. सर्वसाधारण रीत अशी की ज्यांचे सात हात झाले त्यांचा डाव. पण हे आधी बोललेले नसेल तर जिंकणारा एक रीत सांगतो आणि हरणारा मामाच्या गावची दुसरी. हुकुमाचेही तसेच. काही घरांत तो पान झाकून ठेवतात, तर काही घरांत ज्याच्याकडे उतारीचे पान नाही त्याने टाकलेले पहिले पान हुकूम ठरते. दोन्ही रीती उत्तम आहेत. एका डावात एकच असावी, एवढेच.

लहान मुले असतील तर बदाम सात मांडावा. मला स्वतःला हा खेळ सर्वांत अवघड वाटतो. हसू नका. बदामाची सत्ती खाली पडली की वर-खाली पाने लावत जायचे, आणि लावण्याजोगे पान नसेल तरच ‘पास’ म्हणायचे. पण माझ्या हातात पान आहे की नाही, हे पाहणारा कोण? कोणीच नाही. इस्पिकची सत्ती दाबून ठेवून दोनदा ‘पास’ म्हणणारे आजोबा मी पाहिले आहेत आणि डाव संपताना ती सत्ती बरोबर नातवाच्याच दृष्टीस पडते. दोन पाने चालत असतील तर कोणते टाकायचे, ही चतुराई. एकच चालत असताना ‘पास’ म्हणणे, ही लबाडी. बदाम सात खेळताना दोन्हींमधली रेघ मुलाला कोणी न समजावता समजते, मात्र मोठ्यांनी ती पाळली तर.

कॅरममध्ये तर घराघरांचे वेगळे राज्य. कोठे काळीला दहा, पांढरीला वीस आणि राणीला पन्नास. कोठे याच्या निम्मे. स्पर्धेच्या नियमांत ही आकडेमोड नाही. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी. ज्याच्या सोंगट्या आधी संपल्या त्याला प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा एक गुण. राणी घेतली की लगेच आपल्या सोंगटीने तिला कव्हर द्यायचे, न जमल्यास राणी पुन्हा मध्यावर. राणीचे तीन गुण मिळतात, मात्र बावीस गुण झालेल्या खेळाडूला ते मिळत नाहीत. पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड झाले की गेम संपला. राणी बोर्डावर असताना आपली शेवटची सोंगटी घालवणाऱ्याचा तो बोर्ड जातो, हा नियम तर घरोघर विसरला गेला आहे. स्ट्रायकर भोकात गेला तर दंडाची एक सोंगटी बाहेर. अंगठ्याने मारणे ‘चीटिंग’ आहे, असे अनेक थोरले भाऊ धाकट्यांना सांगतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत अंगठ्याला मनाई नाही. हे ऐकून येथे बसलेल्या काही धाकट्यांचे चेहरे उजळले आहेत!

बुद्धिबळाचा विषय थोडा नाजूक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अकरा वर्षांखालील मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा आपल्या जळगावात झाली. नागपूरच्या दिव्या देशमुखने त्याच वर्षी जुलैत महिला विश्वचषक जिंकला. घरोघर पट मांडला जातो आहे. पण नातू शाळेतून शिकून येतो आणि आजोबांशी खेळायला बसला की दहाव्या खेळीला वाद होतो. आजोबांचे प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते, नातवाचे दोन. नातू किल्लेकोट करतो, तर आजोबांचा राजा शह बसला नसेल तर एकदा घोड्यासारखा अडीच घरे उडतो. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की नातू हवा तो वजीर मागतो. आजोबा म्हणतात, हत्तीच्या घरात पोहोचलास, हत्तीच मिळेल. नातू म्हणतो, आजोबांना येत नाही. आजोबा पट उधळतात.

मुलांना सांगा की आजोबा चुकत नाहीत. ते आपल्या देशी पद्धतीने खेळत आहेत, आणि ती पद्धत पिढ्यान्‌पिढ्या येथे चालत आली. पंजाबचे मीर सुलतान खान याच देशी नियमांवर वाढले. पाश्चात्त्य नियम त्यांनी पुढे आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. आजोबांनाही सांगा की नवे नियम शिकण्यात कमीपणा नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथातील बुद्धिबळाच्या स्थिती युरोपीय पद्धतीला जुळवून घेऊन १८१४ सालीच मुंबईत इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या होत्या. एका शास्त्र्याला जे दोनशे वर्षांपूर्वी जड गेले नाही, ते आपल्याला का जावे? एक डाव आजोबांच्या रीतीने, एक नातवाच्या. आणि दोन्ही डावांत, हात लावलेले मोहरे चालवायचेच.

मुलांना मुद्दाम जिंकू देण्याविषयी मला मघाशी एका भगिनींनी विचारले. माझे मत स्पष्ट आहे, देऊ नये. सात वर्षांच्या मुलालाही कळते की बाबांनी वजीर उगाच दिला. त्यापेक्षा आरंभीच आपला एक हत्ती काढून ठेवावा, कॅरममध्ये त्याला पाच गुण आधी द्यावेत. सवलत उघड असावी आणि डावापूर्वी असावी. पण डाव चालू असताना रडला म्हणून खेळी परत देणे, हे सभापर्वातल्या त्या विसंगतीचेच छोटे रूप आहे.

वाद झालाच तर निकाल कोणी द्यावा? घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्याने, हे उत्तर आपल्या संस्कारांना साजेसे वाटते. पण तेच खेळत असतील तर ते चालणार नाही. जो खेळत नाही त्याने निकाल द्यावा, मग ती स्वयंपाकघरातली सून का असेना. कोणीच नसेल तर डाव मोडून पुन्हा वाटावा. आणि घरातले ठरलेले नियम एका कागदावर लिहून तो कागद पत्त्यांच्या डबीत घडी करून ठेवावा. माहेरी आलेल्या लेकीने, जावयाने, शेजारच्या पोराने तो आधी वाचावा.

यंदाच्या आखाजीला दुपारचे जेवण झाल्यावर पारावर जायला निघालेल्यांना घरातच थांबवायचे असेल तर पट आधीच मांडलेला असावा. चौघे असतील तर मेंढीकोट. तिघेच उरले तर तीस पाने काढून पाच-तीन-दोन. पाचवा आला तर बदाम सात. मोठ्या अंकांचे कॅटही बाजारात मिळतात, आजीसाठी तेवढा एक आणावा.