गच्चीवरची शेड आणि ‘पीईबी’
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गच्चीवर शेड घालायची की नाही, हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. एका कोटेशनमध्ये ‘पीईबी’ असं लिहिलंय आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटेल तो विचारतो, “साहेब, हे काय असतं हो?” मी इंजिनियर नाही. पण बँकेत असताना एमआयडीसीतल्या अशा शेडची कर्जप्रकरणं पुष्कळ पाहिली, साइटवर फिरलो. तेवढ्यावर सांगतो.

पीईबी म्हणजे प्री-इंजिनियर्ड बिल्डिंग. खांब, तुळया कारखान्यात कापून, वेल्डिंग करून, भोकं पाडून येतात. जागेवर फक्त नटबोल्टनी जोडायच्या. इकडे पाया भरेपर्यंत तिकडे सांगाडा तयार, म्हणून वेळ वाचतो. कधी मोठ्या गोदामात गेलात तर वर बघा. तुळई सगळीकडे सारखी नसते; ताण जास्त तिथे रुंद, कमी तिथे निमुळती. पोलाद वाचतं ते इथे. मध्ये खांब नाही, त्यामुळे ट्रक थेट आत वळतो. शिवाय बोल्ट सोडून अख्खी इमारत दुसरीकडे नेता येते. (तारण असं चालायला लागलेलं आम्हा बँकवाल्यांना फारसं आवडत नसे!)

आता आपली गच्ची. स्लॅब जड असतो, पत्रा हलका. पत्र्याच्या शेडला वजनापेक्षा भीती असते ती वाऱ्याने वर उचललं जाण्याची, आणि जितकं उंच तितका वारा जास्त. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात किती घरांचे पत्रे उडाले, ते आठवा. म्हणून शेड कशात रोवली आहे, हे महत्त्वाचं. तिचे खांब इमारतीच्या कॉलमवर यायला हवेत. नुसत्या स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकले, तर गळती थांबवायला घातलेली शेडच गळती आणेल.

दुसरं, शेडखाली अडगळ नको. पोलाद जळत नाही, पण साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते.

तेव्हा कमिटीने स्ट्रक्चरल इंजिनियरचं सहीचं डिझाइन आणि महापालिकेची परवानगी आधी हातात घ्यावी. जागेवर चौकोनी पाइप कापून वेल्डिंग करणार असतील, तर त्याला पीईबी म्हणून पैसे देऊ नयेत. आणि तिन्ही कोटेशनवाल्यांना विचारावं, पत्रा अर्धा मिलिमीटर म्हणता तो रंग आणि मुलामा धरून, की सोडून? उत्तर लेखी घ्यावं, मगच दर ताडून बघावेत.