चांगला बोकड ईदला जातो, मागे कोण उरतो?



मला बोलावलं तेव्हा संयोजक म्हणाले, ‘आयटीतल्या संधी’वर बोला. त्यावर बोलणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी शेळ्यांवर बोलणार आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि बार्शी तालुक्यात आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आठ बरबरी शेळ्या आहेत. रोजचं काम अम्मी-अब्बा करतात. अम्मी सकाळी दूध मोजून व्हॉट्सअॅपवर आकडा पाठवते, मी तो तक्त्यात भरतो. सुट्टीला गेलो की करडांची वजनं आणि लेंड्या काढणं माझ्याकडे.

बरबरी ही ठेंगणी जात. सोमालियातल्या बर्बेरा बंदरावरून तिचं नाव पडलं असं मानतात. आज तिचं घर म्हणजे आग्रा, मथुरा, एटा, अलीगढ हा पट्टा. मथुरेजवळ मखदूम इथं केंद्रीय शेळी संशोधन संस्था आहे, तिथं या जातीवर काम चालतं. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, हरणासारखे आखूड उभे कान. मोठी मादी पंचवीस किलोच्या आसपास भरते. चांगली शेळी दिवसाला लिटरभर दूध देते, जुळी सर्रास होतात, आणि मुख्य म्हणजे ती बांधून खाते. आमच्या भागाची उस्मानाबादी काही कमी नाही. चरायला रान असेल तर तीच घ्या, असं मी सांगेन. आम्हाला रान नाही. घरामागची जागा, बांधावरची सुबाभूळ आणि शेवरी, कडब्याची कुट्टी आणि मूठभर भरडा, एवढ्यात जी भागते ती आम्ही घेतली.

आता मुद्द्यावर येतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावी दोन-चार शेळ्या असतील. वर्षभरात पाच-सहा नर करडं होतात. त्यातलं जे सगळ्यात झपाट्यानं वाढतं, उंच, भरलेलं, अंगात खोट नसलेलं, ते बकरी ईदला जातं. भाव त्यालाच येतो. कुर्बानीला जनावर बेऐब लागतं, त्यामुळे लंगडं, रोगट, कमजोर आपोआप मागे राहतं. मग पुढच्या माजाला शेळ्यांवर कोण जातो? जो विकला गेला नाही तो. असं पाच-सहा वर्षं चाललं की मालक म्हणतो, जातच उतरली. जात कशी उतरणार नाही? दरवर्षी आपण तिच्यातला उत्तम बाप वंश सुरू होण्याआधी काढून टाकतो आणि उरलेल्याला बाप करतो. शेळी वर्षाला दोन-तीन करडं देते, पण त्या वर्षी कळपात जन्मलेल्या प्रत्येक करडात बोकडाचा अर्धा हिस्सा असतो.

ईदला बोकड विकू नका, असं मी म्हणत नाही. ईदच्या पैशावर आमच्याही घरचं वर्ष उभं असतं. फक्त कोणता विकायचा हे बाजारानं ठरवू नये, आपण आधी ठरवावं. आम्ही करडं तीन महिन्यांची होण्याआधी ठरवतो. एक ठेवायचा, बाकीचे पशुवैद्यकाकडून खस्सी करून घ्यायचे. खस्सी बोकड कुर्बानीला चालतो, शांत राहतो, त्याला वास नसतो. वेळेत खस्सी केले नाहीत तर वेगळे बांधावे लागतात, कारण नर करडू चार महिन्यांतच स्वतःच्या आईला नि बहिणीला गाभण करू शकतं.

ठेवायचा कोणता? इथं डोळा फसवतो. देखणा बोकड बघून सगळे खूश होतात, पण बोकड दूध देत नाही. त्याच्या आईची वही बघावी लागते. आमच्याकडे एक शेळी आहे, दिसायला अगदी साधी. विल्यावर चौथ्या महिन्यातही ती पाऊण लिटरवर टिकून होती, बाकीच्या केव्हाच आटायला लागल्या होत्या. तिचा मुलगा आम्ही ठेवला. तो सगळ्यात मोठाही नव्हता, तरी ईदच्या आधी एका व्यापाऱ्यानं त्याचे बावीस हजार लावले. बहिणीची फी भरायची होती. अब्बा म्हणाले, “अरे, शेळ्या दूध देतात की बोकड? दे त्याला.” दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. शेवटी अम्मीनं दोन खस्सी बोकड आणि एक भाकड शेळी विकायला काढली. पैसे जेमतेम जमले, बोकड राहिला. अब्बांना ते अजून पटलेलं नाही, आणि त्यांचंही चुकीचं नाही. फीची तारीख पुढे सरकत नाही.

हिशेबाची एक गोष्ट इंजिनिअर म्हणून सांगतो. कुर्बानीला बकरा वर्षाचा पूर्ण लागतो, चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, गाभणकाळ साधारण १५० दिवस. म्हणजे ज्या ईदसाठी बोकड हवा, तिच्या जवळजवळ ५०४ दिवस आधी शेळी फळलेली हवी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते: २०२४ ला १७ जून, २०२५ ला ७ जून. तुमचं वेळापत्रकही तसंच सरकवा. बरबरी वर्षभर माजावर येते, म्हणून हे जमतं. माज चुकला तर पुढचा तीन आठवड्यांनी.

दुधाबद्दल थोडं. चीक करडाला पहिल्या तासात मिळालाच पाहिजे, आणि पहिले दोन आठवडे सगळं दूध करडांचं. त्यानंतर आम्ही करडं रात्री वेगळी ठेवतो, सकाळी धार काढतो आणि दिवसभर ती आईजवळ सोडतो. घरालाही मिळतं, करडंही वाढतात. डेंग्यूच्या दिवसांत लोक कच्चं दूध मागायला येतात, वाटेल तो भाव देतात. आम्ही उकळूनच देतो आणि स्पष्ट सांगतो की यानं प्लेटलेट वाढतात याला पुरावा नाही, दवाखाना सोडू नका. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो. काहींना राग येतो. येऊ द्या.

राहिला आठ शेळ्यांच्या कळपाचा खरा अडथळा: नातं. एकच बोकड दोन वर्षांहून जास्त ठेवला की त्याच्याच मुली माजावर येतात. बाप-लेकीचा संकर झाला तर करडात आंतरप्रजनन २५ टक्के, सावत्र बहीण-भावाचा झाला तर साडेबारा. करडं नाजूक होतात, मरतात. म्हणून छोटा कळप एकट्यानं चालवताच येत नाही. आमच्या गावात बरबरी पाळणारी चार घरं आहेत: आम्ही, एक धनगर कुटुंब, एक शिक्षिका आणि मंडईत भाजी विकणाऱ्या एक बाई. दर दोन वर्षांनी बोकड फिरवायचा असं ठरलंय. द्यायच्या आधी पीपीआर आणि आंत्रविषाराची लस, जंताचं औषध, आणि आईच्या दुधाची नोंद सोबत. शिक्षिकाबाईंचं अक्षर माझ्या तक्त्यापेक्षा जास्त वाचण्यासारखं आहे. सुरुवातीला ‘आमचा चांगला बोकड त्यांना का द्यायचा’ यावर बरीच बोलाचाली झाली. ज्या घराला आपला बोकड द्यायचा नव्हता, त्यांच्याच शेळ्यांना बाहेरचा बोकड सगळ्यात आधी लागला, तेव्हा ती मिटली.

आम्ही ठेवलेल्या त्या बोकडाच्या पहिल्या तीन पाठी आता गाभण आहेत. बोकड ठेवल्यापासून त्याच्या मुलींच्या दुधाचा पहिला आकडा हाती यायला दोन वर्षं लागतात. ती पुढच्या महिन्यात पूर्ण होतील. बोकड स्वतः सध्या भाजीवाल्या बाईंकडे आहे. कोणाला नोंदींचा तक्ता हवा असेल तर चहाच्या वेळी मला भेटा, मोबाइलवर पाठवतो. आता प्रश्न विचारा.