उन्हाळ्यातील एक मैत्रीचा सामना आणि आपल्या मुलांचे शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात शाळेतील एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक मेळाव्यात शिक्षकाने अभ्यासावर बोलावे, निकालावर बोलावे, हा शिरस्ता आहे. आज मी क्रिकेटवर बोलणार आहे, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मुलांचे चेहरे मात्र खुललेले दिसतात! दोघांनाही माझी विनंती आहे की, शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. कारण मला जे सांगायचे आहे, ते पालकांना पूर्णपणे आवडेल असे नाही आणि मुलांनाही नाही.

आपल्यापैकी अनेक पालक वर्षभर माझ्याकडे दोन प्रकारच्या तक्रारी घेऊन येतात. पहिली, "सर, मुलगा दिवसभर बॅट घेऊन हिंडतो, पुस्तकाला हात लावत नाही." दुसरी त्याच्या अगदी उलट. "सर, आमचा मुलगा चांगला खेळतो, त्याला पुढे काही मिळेल का?" एकाला खेळ म्हणजे वेळेचा नाश वाटतो, दुसऱ्याला तो कमाईचा मार्ग वाटतो. या दोन्ही मतांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ती म्हणजे मैत्रीचा सामना. ज्यात चषक नाही, प्रवेश फी नाही, रोख बक्षीस नाही. संध्याकाळी दोन-अडीच तास खेळायचे आणि घरी जायचे.

आपल्या कोकणात अशा सामन्यासाठी मैदान शोधावे लागत नाही. भाताची कापणी झाली, खळी उरकली की शेते मोकळी होतात. एप्रिल-मे महिन्यांत जमीन अशी टणक होते की चेंडूचा टप्पा छान बसतो. बावीस यार्डांची खेळपट्टी पावलांनी मोजायची, भाताचे खुंट खुरप्याने काढायचे, एका टोकाला तीन काठ्या आणि दुसऱ्या टोकाला जांभ्याचा चिरा. शेताचा बांध हीच सीमारेषा. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, आखातातून कोणी सुट्टीवर आलेले असते. असरच्या नमाजीनंतर ऊन उतरते आणि मगरिबपर्यंत उजेड असतो. तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंची आठ-आठ षटके आरामात होतात.

गेल्या मे महिन्यात आम्ही असाच एक सामना घेतला. एका बाजूला आपल्या शाळेचे नववी-दहावीचे विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला पालक. रबरी चेंडू, आठ षटके, आणि एक नियम गावचा: चेंडू बांधापलीकडे गेला तर चौकार, पण शेजारच्या काजूच्या बागेत गेला तर फलंदाज बाद. पंच म्हणून गावातील एक निवृत्त पोस्टमास्तर उभे राहिले. माझ्याकडे खेळाचे काम नव्हते. मी धावा लिहिणाऱ्या दोन मुलांजवळ आंब्याखाली बसलो होतो. त्यांपैकी एक नववीतील मुलगी होती आणि दुसरा सातवीतील मुलगा, ज्याचे आणि गणिताचे वर्षभर पटत नाही.

पालकहो, धावांची वही कधी नीट पाहिली आहे काय? व्यापारी जशी जमाखर्चाची वही दोन बाजूंनी जुळवतो, तशी ती जुळवावी लागते. विद्यार्थ्यांच्या आठ षटकांत ५७ धावा झाल्या. पण त्या सातवीतल्या मुलाची बेरीज ५६ येत होती. नववीतील मुलीने त्याला पुन्हा बसवले. फलंदाजांच्या नावावर ४९, अवांतर ८, एकूण ५७. आता दुसऱ्या बाजूने पाहा. वाईड चेंडूंच्या ५ धावा गोलंदाजाच्या खात्यात जातात, म्हणून गोलंदाजांनी दिलेल्या धावा ५४. बायच्या ३ धावा मात्र गोलंदाजाच्या माथी मारता येत नाहीत. त्या वेगळ्या मिळवायच्या. पुन्हा ५७! हिशेब जुळला तेव्हा त्या मुलाचा चेहरा मी पाहिला. मग त्यानेच पालकांच्या संघाला ओरडून सांगितले, "५८ करायच्या आहेत, षटकामागे सव्वासात!" वर्गात "सव्वासात म्हणजे किती?" असे विचारले असते तर तो खाली मान घालून उभा राहिला असता. अपूर्णांक तेच होते, पण त्यांची त्याला गरज पडली होती.

आता मुख्य प्रसंग सांगतो. पालकांचा संघ अडखळत का होईना, शेवटच्या षटकापर्यंत पोहोचला. दोन चेंडू राहिले होते, तीन धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. गावात किराणा दुकान चालविणाऱ्या एका पालकाने चेंडू उंच मारला. बांधाजवळ दहावीतील एक विद्यार्थी धावला, पुढे झेपावला आणि दोन्ही हातांत चेंडू घेऊनच जमिनीवर पडला. मुलांनी एकच जल्लोष केला. पंचांनी बोट वर केले. सामना संपला, विद्यार्थी जिंकले.

तो मुलगा उठला. कपड्यांवरची माती न झटकताच पंचांकडे चालत आला आणि म्हणाला, "चाचा, चेंडू आधी जमिनीला लागला होता."

क्षणभर कोणी बोलेना. क्रिकेटच्या नियमांप्रमाणे क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या कर्णधाराला पंचांच्या संमतीने अपील मागे घेता येते. मुलांच्या कर्णधाराने ते मागे घेतले, पण खुशीने घेतले असे मी म्हणणार नाही. पुढच्याच चेंडूवर चौकार गेला आणि पालक जिंकले.

गोष्ट येथे संपली असती तर मीही "सत्याचा विजय होतो" असे म्हणून खाली बसलो असतो. पण तसे झाले नाही. त्या मुलाशी संघातील सोबती दोन दिवस धड बोलले नाहीत. आणि त्याचे वडील, जे स्वतः जिंकलेल्या संघात होते, ते परतताना वाटेत मला म्हणाले, "सर, पोरगा खरे बोलला, बरे वाटले. पण खरे सांगा, पुढे जगात असे चालते काय? नोकरीत, धंद्यात हा असाच वागला तर लोक याला पुढे जाऊ देतील काय?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. आपण सर्वजण तो मनात बाळगून आहोत. म्हणून त्यांना जे उत्तर दिले तेच आपणांसही देतो.

फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांच्यात सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. भारताचे कर्णधार होते गुंडाप्पा विश्वनाथ. इंग्लंडचे पाच फलंदाज ५८ धावांत बाद झाले होते. बॉब टेलर यांना पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिले, पण चेंडू बॅटला लागला नसल्याची खात्री वाटल्याने विश्वनाथ यांनी त्यांना परत बोलावले. पुढे टेलर आणि इयान बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला. म्हणजे विश्वनाथ यांना त्या खरेपणाचा फायदा झाला नाही, तोटाच झाला. आज चाळीसहून अधिक वर्षांनंतर त्या सामन्याची आठवण निघते तेव्हा बोथमच्या शतकाबरोबर आणि तेरा बळींबरोबर विश्वनाथ यांचेही नाव निघते, हे खरे. पण ते नाव निघावे म्हणून त्यांनी तसे केले नव्हते.

तेव्हा मी त्या वडिलांना म्हणालो, "खरे बोलण्याची किंमत पडते, हे आपण मुलापासून लपवू नये. पण ती किंमत देण्याची सवय कधी लागायची? नोकरीत हजारोंचा प्रश्न येईल, तेव्हा पहिल्यांदा? आज तीन धावांचा प्रश्न होता, दोन दिवसांचा अबोला होता. एवढे त्याला पेलले. उद्या याहून मोठे ओझे पेलेल." यावर ते काही बोलले नाहीत. त्यांना माझे म्हणणे पटलेच असा माझा दावा नाही.

मैत्रीच्या सामन्याचा उपयोग हाच आहे. येथे हरणे स्वस्त असते. म्हणून खरेपणा, शिस्त, पंचांचा निर्णय मानणे, ही सर्व तालीम येथे करता येते. जेथे हजारांची बक्षिसे लागतात, तेथे ही तालीम अवघड होते. आणि मोबाइलवर पैसे लावून संघ निवडण्याचा जो नाद आपल्या तरुणांना लागला होता, त्यात तर हातात बॅटही नसते. २०२५ साली संसदेने पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. कायद्याने आपले काम केले. पण मुलाची संध्याकाळ मोकळी आणि मैदान ओस असेल, तर तो नवा नाद शोधील. मैदान भरलेले ठेवणे हे काम आपले आहे.

आता आणखी एक मुद्दा. सामना कोणी कोणाशी खेळावा?

आपल्या मुंबईत एकेकाळी जमातवार संघ खेळत असत. युरोपियन, पारशी आणि हिंदू संघांच्या स्पर्धेत १९१२ साली मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ साली पंचरंगी झाली आणि १९४६ नंतर बंद पडली. त्या काळातील दोन गोष्टी मुलांनी लक्षात ठेवाव्यात. पळवणकर बाळू हे दलित समाजातील श्रेष्ठ डावखुरे गोलंदाज. पुण्यात त्यांना आपल्याच संघातील लोकांबरोबर चहा घेता येत नसे. मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर ११४ बळी घेतले आणि १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. दुसरी गोष्ट १९३६ ची. मँचेस्टरच्या कसोटीत विजय मर्चंट आणि मुश्ताक अली सलामीला आले. मुश्ताक अलींनी ११२ केल्या, मर्चंट यांनी ११४. दोघांची भागीदारी २०३ धावांची. परदेशात कसोटी शतक करणारे मुश्ताक अली हे पहिले भारतीय. मायदेशी पंचरंगीत एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या संघांतील ही दोन माणसे. इंग्लंडमध्ये मात्र एकाची धाव दुसऱ्याच्या हाकेवर अवलंबून होती. हाक आली की विश्वासाने धावायचे. शंका घेतली की धावचीत!

आणि दूर कशाला जायचे? चिपळूणजवळच्या कालुस्ते गावी जन्मलेले गुलाम परकार १९८२ साली लॉर्ड्सवर भारतातर्फे कसोटी खेळले. आपल्या मातीतला माणूस तेथवर गेला, याचा आपणांस अभिमान आहे. परंतु विद्यार्थी मित्रांनो, एक गुलाम परकार होतात तेव्हा हजारो मुले संध्याकाळी बांधावर खेळून घरी परततात. त्या हजारांना पोट भरण्यासाठी शाळा, आयटीआय, कॉलेजच लागते. म्हणून मी प्रारंभीच म्हणालो की माझे बोलणे तुम्हांलाही पूर्ण आवडणार नाही. दुपारी तीन तास अभ्यास आणि संध्याकाळी दोन तास खेळ, हा सौदा मला मान्य आहे. याच्या उलट सौदा मान्य नाही.

पालकांनाही दोन शब्द. "खेळू नको" असे सांगण्यापेक्षा आठवड्यातून एकदा स्वतः मैदानावर या. मुलगा हरल्यावर कसा वागतो, हे आपणांस गुणपत्रिकेत दिसणार नाही, मैदानावर दिसेल. आणि मुलींना फक्त धावा लिहायला बसवू नका. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला. आपल्या मुलींनी तो टीव्हीवर पाहिला आहे. त्या विचारणार आहेत की आमचा सामना कधी. उत्तर तयार ठेवा.

माझी सूचना थोडक्यात अशी. येत्या मे महिन्यात सुट्टीच्या दर शुक्रवारी संध्याकाळी एक सामना घ्यावा. संघ वाडीवार किंवा मोहल्लावार नकोत. चिठ्ठ्या टाकून पाडावेत. शेजारच्या गावातील, इतर समाजांतील मुलांनाही बोलवावे. शाळा सोडून गेलेल्या मुलांना तर आवर्जून बोलवावे, कारण वर्गात यायला त्यांना लाज वाटते, मैदानात येताना वाटत नाही. आणि मैदानातून शाळेचे दार फार लांब नाही. धावांची वही शाळा देईल. मुलींच्या एका सामन्याची जबाबदारी आमच्या शिक्षिका भगिनींनी आनंदाने घेतली आहे. ज्या पालकांना खेळायचे आहे त्यांनी आज जाताना कार्यालयात नाव नोंदवावे. वयाची अट नाही, धापा टाकण्याची तयारी मात्र हवी.

त्या दहावीच्या मुलाचे नाव मी घेतले नाही, घेणारही नाही. तो आता अकरावीत शिकत आहे आणि येत्या मे महिन्यात खेळायला येणार आहे. त्याचा कर्णधार कोण असेल, ते चिठ्ठी ठरवील.