संकोच सोडून विचारा

मैत्रिणींनो, स्तनाच्या कॅन्सरबद्दल आपण हळूच का होईना बोलतो; स्तन पुन्हा घडवण्याबद्दल मात्र कोणी विचारतच नाही. मी दुभाषी म्हणून इथल्या इस्पितळांत जाते, म्हणून सांगते.

कॅन्सरमुळे स्तन काढावा लागला, तर सिलिकॉन इम्प्लांटला २०१३ पासून जपानचा आरोग्य विमा मिळतो. इस्पितळ मात्र मान्यताप्राप्त हवं. नुसता आकार वाढवायचा, तर सगळा खर्च आपला.

बहुधा ऑपरेशनं दोन. आधी पिशवी बसवून तीत थोडं थोडं सलाईन भरत त्वचा ताणतात. काही महिन्यांनी इम्प्लांट.

तेही जन्मभराचं नसतं. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट्स एका दुर्मीळ लिम्फोमामुळे जगभरातून परत मागवली गेली. वर्षांनंतर सूज आली तरी लगेच दाखवा.

आणि डॉक्टरांपुढे नुसतं 'हाय, हाय' म्हणत मान डोलावू नका. विचारा!