अनोळखी धातूची ओळख

(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)

 

कॉलेजात असताना प्रात्यक्षिक परीक्षेत मला एका पांढुरक्या धातूचा चुरा मिळाला. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, लोखंड व जस्त यांपैकी तो कोणता, हे ठरवावयाचे होते.

परीक्षानळीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले. बुडबुडे उठले, जळती काडी धरताच 'फट्' असा आवाज झाला. म्हणजे हायड्रोजन! पण तो तर चारही धातू देतात. द्रावण रंगहीन होते. लोखंडाचे फिकट हिरवे होते, म्हणून लोखंड बाद. मग सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब टाकले. उरलेले आम्ल संपल्यावर पांढरा साका पडला. आणखी टाकताच तो विरघळला. मॅग्नेशियमचा साका असा विरघळत नाही, तेही बाद. मी खुशीत 'ॲल्युमिनियम' लिहून मोकळा झालो.

परीक्षकांनी एवढेच विचारले, "जस्त का नव्हे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. जस्ताचा साकाही जादा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतोच! दोहोंतला फरक दाखवितो तो अमोनिया. मूळ द्रावणाचा नवा भाग घेऊन त्यात अमोनियाचे द्रावण घालीत जावे. साका दोहोंचा पांढराच; पण जादा अमोनियात जस्ताचा विरघळून द्रावण स्वच्छ होते, ॲल्युमिनियमचा बुळबुळीत साका तसाच राहतो. त्या स्वच्छ द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडल्यास झिंक सल्फाइडचा पांढरा साका येतो. माझा चुरा जस्ताचाच होता. एक नळी अधिक वापरली असती तर कळले असते.

आपल्या सभांतून जाबिर इब्न हय्यान यांचे नाव अभिमानाने घेतात. घ्यावेच. मला मात्र अल् बिरूनी (९७३-१०४८) अधिक आठवतात. तोटीच्या भांड्यात धातू टाकून, बाहेर पडलेले पाणी तोलून त्यांनी धातूंची विशिष्ट घनता काढली. नुसत्या रंगावर ते विसंबले नाहीत.

पालकांना एक विनंती. मुलेमुली पुष्कळदा शेजाऱ्याचे निरीक्षण आपल्या वहीत उतरवून आणतात. वही पाहताना "हे तू स्वतः पाहिलेस का?" एवढे विचारा, त्यासाठी आपणांस रसायनशास्त्र यावयास हवे असे नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, अमोनियाच्या बाटलीला नाक लावू नका. हायड्रोजन सल्फाइड तर विषारी आहे. ती परीक्षा शिक्षक उभे असतानाच करा.