एकीचं पाहून दुसरी

बास्केटबॉलच्या एनबीए लीगमध्ये स्टीफन करीनं 2015-16च्या हंगामात तीन गुणांचे 402 बास्केट केले आणि शाळकरी पोरंही लांबूनच नेम धरू लागली. आपल्या धाराशिवात वेड खो-खोचं. इथल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी 2016मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. 2020मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पोरींना तसंच पळायचं असतं. पण नुसत्या वेगानं भागत नाही. पाठलाग करणारीला एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. पळणारी मात्र बसलेल्यांमधून कुठूनही सटकते. म्हणून पळणारीनं पाठलाग करणारीचा खांदा वाचायचा, मगच हूल द्यायची. करीची नक्कल एकट्यानं जमते. इथं मात्र सरावालाही आठजणी रांगेत बसाव्या लागतात!