इंजिनाच्या पोटातली कडी

मंडळी, विहिरीवरचे डिझेल इंजिन तुम्ही रोज पाहता. त्याचा आवाज ऐकता, धूर पाहता. पण त्याच्या पोटात काय चालतं?

आत एक लोखंडी नळा असतो. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात एक दट्ट्या खाली-वर सरकतो. तो पिस्टन. पिस्टन वर येताना हवा दाबतो. १५-२० घागरी हवा एका घागरीत कोंबावी, इतकी! दाबलेली हवा तापते. सायकलीत हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसेच हे. इथे हवा इतकी तापते की, डिझेलचा फवारा आत येताच आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही.

पण पिस्टन नळ्यात अगदी घट्ट बसवून चालत नाही. तापला की तो फुगतो आणि अडकतो. म्हणून थोडी फट ठेवतात. ती बुजवायला पिस्टनच्या खाचांत बिडाच्या कड्या घालतात. ह्याच रिंगा. रिंग एका जागी कापलेली असते. त्यामुळे ती बाहेर पसरू पाहते आणि नळ्याला चिकटून राहते. जॉन रॅम्सबॉटम ह्या इंग्रज इंजिनियराने १८५० नंतर थोड्याच वर्षांत वाफेच्या इंजिनासाठी अशी रिंग काढली.

वरच्या रिंगा हवा कोंडून धरतात. खालची रिंग नळ्यावरचे जादा ऑइल खरवडून खाली पाठवते.

रिंगा झिजल्या की हँडल हलके फिरते. इंजिन लवकर धरत नाही. ऑइल वर चढून जळते व निळसर धूर निघतो. काळा धूर वेगळा. तो अर्धवट जळालेल्या डिझेलचा. निळा धूर दिसला तरी पुष्कळ जण नुसते ऑइल ओतत राहतात. पैसा धुरात जातो. आणि ऐन पाण्याच्या पाळीला इंजिन बंद! पीक सुकतंय आणि आपण मिस्त्री शोधतोय.

हँडल हलके म्हणजे रिंगाच गेल्या, असे मात्र नाही. व्हॉल्व्हही गळत असेल. जाणता मिस्त्री नळ्यात चमचाभर ऑइल सोडतो आणि इंजिन हाताने फिरवून पाहतो. दाब वाढला तर दोष बहुधा रिंगांचा. नाही वाढला तर व्हॉल्व्ह बघावा. नळाच झिजला असेल, तर नुसत्या नव्या रिंगा घालणे फुकट.

नव्या रिंगांचे काप एकाखाली एक येऊ देऊ नयेत; हवा तिथून सरळ निसटते. घाईत हे राहून जाते, बरं का. मिस्त्रीजवळ उभे राहा, विचारा.

रिंगांचा मोठा वैरी धूळ. ती हवेबरोबर आत जाते आणि कानशीसारखी रिंगा घासते. म्हणून हवेच्या तोंडावरची जाळी साफ ठेवा. मळणीच्या दिवसांत तर ती रोज उघडून पाहा.